मान उचला, भाऊ

आमच्या आयसीयूत महिना कोणता चाललाय हे बेडवरच्या पेशंटांवरून सांगता येतं. मे महिन्यात उष्माघात. पेरण्या सुरू झाल्या की सर्पदंश. पोळ्याच्या मागेपुढे डेंग्यू आणि स्क्रब टायफस. आणि कपाशी छातीला लागायला आली की फवारणीचे पेशंट. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मी अधिपरिचारिका आहे. बरीच वर्षं मेडिसिनच्या जनरल वॉर्डात काढली, मग मेडिसिन आयसीयूत आले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या पेपरांत हा विषय मोठा झाला होता. नंतर पेपरांचं लक्ष दुसरीकडे वळलं. पेशंट येतच राहिले.

त्यातल्याच एकाबद्दल लिहितेय. अशा पेशंटचं औषध डॉक्टर केसपेपरवर दोन ओळींत लिहितात. पुढचं बहुतेक सगळं बेडशेजारी उभं असलेल्या माणसाच्या बघण्यावर चालतं, आणि ते बघणं नेमकं कशाचं, हे वॉर्डात असताना मलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

ओळख पटेल असं काही देत नाही. तिशीतला, दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणी करणारा माणूस, एवढंच. पाळी बदलताना ओव्हर देता-घेताना तो आमचा 'चार नंबर'. माणसाला बेडच्या नंबराने ओळखणं बाहेरच्यांना निष्ठुर वाटतं. ओव्हर तशीच चालते; मात्र इंजेक्शन हातात घेतलं की मनगटावरची पट्टी आणि केसपेपरवरचं नाव ताडून बघायचंच, त्याला सूट नाही.

सकाळपासून तो पाठीवर पंप घेऊन कपाशीत होता. पंप गळका. शर्ट पाठीला चिकटला, तो घामाने की औषधाने, हा प्रश्न कोणाला पडला नाही. दुपारी मळमळलं, भोवळ आली. सोबतच्यांना वाटलं ऊन लागलं. सावलीत निजवून लिंबूपाणी पाजलं. तोंडाला फेस यायला लागला तेव्हा पळापळ झाली: ग्रामीण रुग्णालय, तिथे अ‍ॅट्रोपिनचे पहिले डोस (हा या विषावरचा उतारा), मग १०८ ची गाडी आणि आमची कॅज्युअल्टी. आयसीयूत ट्रॉली आली तेव्हा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी पन्नासच्या खाली, छातीत खरखर, अंग निथळत होतं आणि मांडीच्या कातडीखाली स्नायू आपोआप फडफडत होते. अंगाला रॉकेलचा आणि थोडा लसणाचा वास. औषध कोणतं ते सांगता येणारं सोबत कोणी नव्हतं. "दोन-तीन मिसळून मारलं जी, बाटल्या मालकानं आणल्या होत्या," एवढंच भावाने सांगितलं.

ऑर्गॅनोफॉस्फरस जातीची कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. नसेकडून स्नायूला, ग्रंथीला निरोप जातो तो अ‍ॅसिटिलकोलीनमार्फत, आणि निरोप पोचला की ते अ‍ॅसिटिलकोलीन साफ करायचं काम या एन्झाइमचं. साफ करणारंच बंद पडलं की निरोप थांबत नाही. लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, जुलाब, लघवी सगळं सुटतं, श्वासनळ्या स्रावाने भरतात, नाडी मंदावते. विष पोटातूनच जावं लागतं असंही नाही. ओल्या पाठीतून तासन्‌तास मुरलेलं पुरतं.

म्हणून एका बाजूला ऑक्सिजन आणि इंजेक्शनं चालू असतानाच दुसऱ्या बाजूला आंघोळ सुरू करावी लागते. मी आणि मामा, म्हणजे आमचे वॉर्डबॉय, दोघांनी हातमोज्यांवर हातमोजे चढवले, प्लास्टिकचे एप्रन घातले. कपडे कापून काढले आणि पिशवीत घालून तोंड घट्ट बांधलं. विषबाधा म्हटलं की एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, त्यामुळे कपडे फेकता येत नाहीत, आणि उघडे राहिले तर वासाने स्टाफलाच मळमळायला लागतं. मग साबण आणि भरपूर पाणी. केस, कानांच्या मागे, नखांच्या आत, बेंबी, जांघा. पाठ दोनदा. जोराने घासायचं नाही, कातडी सोलली तर उरलेलं आणखी आत जाईल.

कमरेला करदोडा होता. काळा गोफ, औषधाने चिंब. तो कापायला कात्री घेतली तर दाराशी उभी असलेली त्याची बायको रडायलाच लागली. "तो नका तोडू जी सिस्टर. माणूस गेल्यावर तोडतेत त्याले." मला हे माहीत होतं, माझ्या माहेरीही तेच मानतात. तिला काय सांगावं ते सुचेना. मामाच म्हणाले, "बाई, त्यात औषध मुरलं हाय. तो ठेवला त त्याच्याच जिवाले धोका. घरी गेल्यावर तुह्या हातानं नवा बांधजो." ती गप्प झाली. मान हलवली. मी कापला. हे पुस्तकात नाही, पण आमच्याकडे आता प्रत्येक फवारणीच्या पेशंटचा करदोडा, गळ्यातला गंडा आणि चामड्याचा पट्टा आधी बघतात. चामड्यात मुरलेलं तर धुऊनही निघत नाही.

अ‍ॅट्रोपिनच्या एका अ‍ॅम्प्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम औषध असतं. एरवी नाडी मंदावली तर एखाददुसरी लागते. इथे सुरुवातच तीन अ‍ॅम्प्यूलने. पाच मिनिटांनी बघायचं, पुरेसा फरक नसेल तर दुप्पट. पुन्हा पाच मिनिटांनी दुप्पट. सहा, बारा, चोवीस. एक जण गॉजमध्ये धरून अ‍ॅम्प्यूल फोडतेय, एक सिरिंज भरतेय, तिसरी देतेय आणि घड्याळाकडे बघून लिहितेय. रिकाम्या काचांनी ट्रे भरतो. इंटर्न मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा घाबरतात, एवढं औषध कसं काय देताय म्हणून.

दर पाच मिनिटांनी बघायच्या गोष्टी पाच: छाती साफ झाली का, नाडी ८० च्या वर गेली का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काख कोरडी झाली का, बाहुल्या टाचणीएवढ्याच आहेत की उघडल्या. नाडी-बीपी मॉनिटर दाखवतो. काखेसाठी मशीन नाही. गॉजचा कोरडा तुकडा दाबायचा आणि बघायचा. नाडी १२० झाली की नव्या मुली हात आखडतात. छातीत खरखर असेल तर नाडी वाढलीय म्हणून थांबायचं नसतं. बाहुल्या मात्र उशिराने उघडतात, त्या उघडेपर्यंत डोस वाढवत बसायचं असंही नाही. आणि खरखर एकाच बाजूला, खालच्या भागात राहिली असेल तर ती उलटी फुफ्फुसात गेल्याची असू शकते. ती कितीही अ‍ॅट्रोपिनने जाणार नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणतात, डॉक्टरला नुसतं "छाती खराब आहे" सांगू नका, कुठे खराब आहे ते सांगा.

चार नंबरची छाती साफ व्हायला बराच वेळ गेला. तोवर जेवढं औषध लागलं होतं त्याच्या दहा-वीस टक्के दर तासाला जाईल असा सिरिंज पंप रेसिडेंट डॉक्टरांनी लावून दिला. पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, बंद पडलेलं एन्झाइम पुन्हा चालू करण्यासाठीचं औषध, तेही सुरू झालं. त्याचा उपयोग किती यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. आमचं काम एवढंच की ते भसकन जाऊ द्यायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात दुसरीच चर्चा. "पिला काय?" हा प्रश्न गावातून आलेला प्रत्येक जण त्याच्या बायकोला विचारत होता. फवारणीच्या पेशंटच्या घरच्यांना हे सोसावंच लागतं, आणि ज्याने खरंच घेतलेलं असतं त्याच्या घरच्यांना तर विचारायची सोयच नाही. पोलीस शिपाई जबाबासाठी आले होते, त्यांनीही तेच विचारलं. विष कसं गेलं हा इतिहास डॉक्टरांना हवा असतो, कारण डोस आणि वेळ कळायला हवी. बाकीच्यांना तो का हवा असतो मला कळत नाही. आमच्यासाठी दोघांची काख सारखीच ओली असते. मी तिला आतल्या बाजूच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, कोणाला उत्तर द्यायची गरज नाही.

रात्रपाळीत त्याचा ताप चढला. हात हवेत फिरत होते, बोटं जुळवून काहीतरी तोडल्यासारखं करून मांडीवर ठेवत होता. बायकोला क्षणभर आत घेतलं होतं, ती म्हणाली, "कापूस वेचून राहिला तो." अगदी तसंच दिसत होतं. पण मला दुसरी शंका आली. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतडी शांत. कातडी कोरडी आणि गरम. गोंधळलेपणा, ताप, पोट बंद: ही तिन्ही एकत्र आली म्हणजे अ‍ॅट्रोपिन जास्त झालंय. रेसिडेंटना बोलावलं, त्यांनी पंप बंद करायला सांगितला. अर्ध्या-अर्ध्या तासाने पुन्हा छाती, काख, नाडी. तो शांत झाल्यावर कमी वेगाने पुन्हा सुरू. रात्रभर हे दोन्हीकडून धरून ठेवणं चालतं: कमी पडलं तर छाती भरते, जास्त झालं तर माणूस पलंगावरून उतरून पळायला बघतो. हात बांधणं मला आवडत नाही. तेव्हा मामा त्याच्या उशाशी स्टूल टाकून बसले, म्हणून बांधावे लागले नाहीत. प्रत्येक पाळीत असे मामा असतातच असं नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस जागेवर आला. बोलायला लागला, चहा मागितला, "सिस्टर, घरी कधी सोडता?" विचारलं. बाहेर नातेवाईकांनी पेढे आणायची तयारी केली होती. खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट आयसीयूच्या बेडसाठी थांबलेला. अशा वेळी सगळ्यांचीच नजर या बेडकडे जाते: बोलतोय, खातोय, मग वॉर्डात जाऊ दे की. वॉर्डात असताना मीही आयसीयूतून आलेले असे पेशंट घेतले आहेत, आणि त्यातला एखादा रात्री अचानक श्वास थांबून गेलेला पाहिला आहे. तेव्हा आम्ही त्याला 'हार्टचं काहीतरी झालं असेल' म्हणायचो.

त्याचं कारण आयसीयूत आल्यावर समजलं. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालियेद्दे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये लिहून ठेवलंय की विषाचा पहिला तडाखा ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही पेशंटांचे स्नायू लुळे पडतात. डोळ्यांचे, मानेचे, खांद्याचे, मांड्यांचे, आणि श्वासाचे. त्याला इंटरमीजिएट सिंड्रोम म्हणतात. लाळ नाही, घाम नाही, बाहुल्या ठीक, बोलणं नीट. फसगत होते ती इथे. अ‍ॅट्रोपिनचा याच्यावर काही उपयोग नाही.

याची चाहूल बहुतेक वेळा मानेत आधी लागते. म्हणून आमच्याकडे पहिले चार दिवस दर दोन तासांनी, पेशंट कितीही चांगला दिसो, उशी काढून उताणं निजवायचं आणि सांगायचं: मान उचला, भाऊ. मी कपाळावर तळहात ठेवून हलका दाब देते. धडधाकट माणूस तो दाब सहज ढकलतो. मग दुसरी परीक्षा, एक खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायचे. कितीपर्यंत जातो ते लिहून ठेवायचं. यासाठी ना यंत्र लागतं ना पैसा, फक्त दोन तासांनी पुन्हा तेच विचारायचा कंटाळा नसावा लागतो. पेशंट वैतागतात. चार नंबर तर म्हणाला, "सिस्टर, मान उचलून उचलून मान दुखून राहिली." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो माझा हात ढकलत होता आणि एका दमात अठ्ठावीसपर्यंत मोजत होता.

तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने मान उचलली, पण टिकली नाही. मी हात ठेवलाही नव्हता. म्हटलं झोपेत असेल, पूर्ण जागं केलं, पुन्हा सांगितलं. हनुवटी किंचित हलली आणि डोकं गादीवर टेकलं. पापण्या जड वाटत होत्या. हात खांद्यापासून वर जाईना, पण बोटांची पकड चांगली होती. मोजायला लावलं, बाराला दम संपला. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८. नाकात ऑक्सिजनची नळी असल्यावर तो आकडा बराच वेळ चांगला राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. त्या ९८ वर माझा विश्वास नाही.

रेसिडेंट चोवीस तास जागे होते. "सिस्टर, सॅच्युरेशन तर मस्त आहे." मी वाद घातला नाही, तक्ता पुढे केला. अठ्ठावीस, सव्वीस, एकोणीस, बारा. त्यांनी स्वतः मान तपासली आणि लगेच सिनियरना फोन लावला. भूलतज्ज्ञ आले. अशा पेशंटला श्वासनळीत ट्यूब टाकताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध देत नाहीत, कारण ते ज्या एन्झाइमने मोडतं तेच विषाने बंद पाडलेलं असतं आणि पाच मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो. हे त्यांना माहीत असतंच, तरी आमच्या क्रॅश कार्टच्या, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीच्या, त्या कप्प्यावर लाल चिकटपट्टी लावून ठेवलीय. घाईत हात कुठेही जातो. उजाडायच्या आत शांतपणे ट्यूब टाकून झाली, श्वास बंद पडायची वाट बघावी लागली नाही.

बाहेर मात्र भाऊ भडकला. "काल त चाय मागून राहिला होता. आज मशीनवर कसा काय टाकला? काय केलं तुमी त्याले?" आमच्या भागात व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असंच लोक धरून चालतात. मी त्याला आत घेतलं, चार नंबरच्या हातात माझी दोन बोटं दिली आणि म्हटलं, दाबा. त्याने दाबली. "हे बघा, तुमचा भाऊ शुद्धीत आहे, ऐकतोय. त्याच्या छातीच्या स्नायूंत सध्या ताकद नाही, ती परत येईपर्यंत मशीन श्वास देईल. चार दिवस लागतील, पंधराही लागतील." भावाने स्वतः हात धरून बघितला. मग रागावला नाही, पण दर पाळीला येऊन तेवढंच विचारायचा: "दाबते काय बोटं?"

जागा असलेला पण हलू न शकणारा पेशंट सांभाळणं बेशुद्ध पेशंटपेक्षा अवघड असतं. त्याला सगळं कळत असतं. म्हणून त्याच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायचं नाही, सक्शन करताना, म्हणजे ट्यूबमधला स्राव नळीने खेचताना, आधी सांगायचं. आधी शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा, नळी आत गेल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत बाहेर काढायची. तेवढ्यातही त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पापण्या पूर्ण मिटत नव्हत्या, तर डोळ्यांत जेल घालून वर पट्टी. दात मऊ ब्रशने घासायचे. डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर, नाहीतर नाकातल्या नळीने दिलेलं पातळ जेवण वर येऊन फुफ्फुसात उतरतं. ट्यूबच्या फुग्यातला दाब वीस ते तीस सेंटिमीटर पाण्याइतका. कमी झाला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर श्वासनळीला जखम.

बोलायची सोय म्हणून एक बोट हो, दोन बोटं नाही, असं ठरवलं. प्रश्न मात्र आम्हाला सुचायला हवेत. एका दुपारी तो सारखं दोन बोटं दाबत होता. दुखतंय का, नाही. तहान, नाही. श्वास, नाही. बायकोला बोलवू, नाही. शेवटी मामांनी विचारलं, "पाठ खाजते काय?" एक बोट. इतक्या जोरात की मामा हसले.

पाठीवरून आठवलं. दर दोन तासांनी कूस बदलणं हे काम बाहेरून हमालीसारखं दिसतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्सेसनी अंथरुणाला खिळलेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबागला १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं, आणि तिला एकही बेडसोर झाला नाही याचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात केला. आम्ही शिकत असताना ट्यूटर हे सांगायच्या तेव्हा ते फार काही वाटलं नव्हतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूत एका बेडमागे एक नर्स आहे. आमच्याकडे रात्री एकीकडे तीन, कधी चार. त्या हिशेबाने चार पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, म्हणजे अर्ध्या तासाला एक, आणि मध्ये कोणाचंही काही बिघडायचं नाही. ते कधी जमतं आणि कधी जमत नाही. चार नंबरच्या माकडहाडावर एकदा लाली आली होती. त्यानंतर एअर मॅट्रेस मिळेपर्यंत इन्चार्ज सिस्टरांनी स्टोअरचा पिच्छा सोडला नाही.

एका संध्याकाळी लाइट गेली, जनरेटर सुरू व्हायच्या आत त्याच्या व्हेंटिलेटरच्या बॅटरीने मान टाकली. ट्यूबला हाताने श्वास द्यायची अंबू बॅग जोडली आणि दाबत बसले. दुसरं मशीन येईपर्यंत मी आणि इंटर्न आळीपाळीने दाबत होतो. त्या इंटर्नला मी कोपनहेगनची हकिगत सांगितली. १९५२ मध्ये तिथे पोलिओची मोठी साथ आली, श्वासाचे स्नायू गेलेल्या पेशंटांसाठी मशीनं पुरेनात, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यातून नळी घालून हाताने बॅग दाबायला सुरुवात केली. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे बॅगा दाबल्या, आणि असे पेशंट एका जागी ठेवून सांभाळायची पद्धत, म्हणजे आजचं आयसीयू, त्यातून उभं राहिलं. तो म्हणाला, "म्हणजे सिस्टर, आपण इतिहास करतोय." मी म्हटलं, मनगट दुखेपर्यंत कर, आणि छाती वर येतेय का त्याकडे बघ.

मानेची परीक्षा मशीनवरही सुरूच होती. बरेच दिवस शून्य. मग पापण्या उघड्या राहायला लागल्या. एका सकाळी खांदा हलला. मग हनुवटी. मशीनचा आधार हळूहळू कमी करत नेला. सकाळी झोपेचं औषध नसताना, बसतं करून, कमीत कमी आधारावर अर्धा तास त्याचा त्याला श्वास घेऊ द्यायचा आणि शेजारून हलायचं नाही. श्वास तीस-पस्तिसाच्या वर जातात का, गळ्याचे स्नायू ओढले जातात का, घाम फुटतो का, घाबरलाय का. पहिल्यांदा पंधरा मिनिटांत दमला, पुन्हा मशीनवर घेतलं. घरच्यांना वाटलं हरला. त्यांना सांगितलं, आज पंधरा, उद्या वीस. पुढच्या खेपेला अर्धा तास सहज काढला, मान उचलून माझा हात ढकलला आणि ट्यूबमधून जोरात खोकला. खोकला महत्त्वाचा. श्वास येतो पण खोकता येत नाही, अशा पेशंटची ट्यूब काढली तर रात्रीपर्यंत परत टाकावी लागते.

तोंडातली लाळ, फुग्यावरचा स्राव खेचून घेतला, फुगा रिकामा केला, मोठा श्वास घ्यायला लावून ट्यूब काढली. नंतरचा तासभर मी गळ्यावर स्टेथोस्कोप ठेवून शिट्टीसारखा आवाज येतो का ऐकत होते. पाणी लगेच द्यायचं नसतं, गिळण्याचे स्नायूही थकलेले असतात. आधी ओला गॉज ओठांना, मग चमचाभर, मग वाट बघायची. घोगऱ्या आवाजात तो बायकोला पहिलं जे बोलला ते असं: "त्या दिवसाची मजुरी भेटली काय?"

नव्हती भेटली.

वॉर्डात पाठवताना ओव्हरमध्ये मी तीन गोष्टी दोनदा सांगितल्या. मान आणि एका दमातली मोजणी अजून दोन दिवस चालू ठेवायची. गिळताना ठसका लागला तर तोंडाने देणं बंद. आणि दोन-तीन आठवड्यांनी पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल लटकं पडणं असं झालं तर लगेच ओपीडीत, कारण फवारणीच्या काही औषधांनी नसांवर उशिराही परिणाम होतो. वॉर्डातली सिस्टर माझी जुनी मैत्रीण. तिने तक्ता स्वतःच्या टेबलाच्या काचेखाली घातला.

डिस्चार्जच्या दिवशी त्याची बायको वर आयसीयूत आली. कार्ड इंग्रजीत होतं. "याच्यात काय लिहेलं हाय ते सांगा, अन् फवारणीले आता जाऊ देऊ का नाही ते बी." डॉक्टरांनी अनेक आठवडे औषधाजवळ जाऊ नको म्हटलं होतं, रक्तातलं एन्झाइम भरून यायला तेवढा वेळ लागतोच, आणि त्याआधी थोड्या औषधानेही पुन्हा तसंच होऊ शकतं. बोलता बोलता कळलं की त्याचे फवारणीचे कपडे ती रोज घरच्या कपड्यांत, उघड्या हातांनी, एकाच बादलीत धुवायची. लेकराचे लंगोटही त्यातच. तिचे हात दुखायचे, डोकं जड व्हायचं, तिला वाटायचं कामाने होतं.

मी कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत चार ओळी लिहिल्या. फवारणीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून धुवायचे. गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून मारायचं नाही. कपडे ओले झाले तर तिथेच काम थांबवून साबणाने आंघोळ. मळमळ, भोवळ, डोळ्यांना अंधुक दिसलं तर ते ऊन समजायचं नाही, दवाखाना गाठायचा. तिने ते दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि विचारलं, "मालकाले दाखवू का हे?" म्हटलं, दाखवा.

पुढच्या हंगामाच्या आधी इन्चार्ज सिस्टरांनी तो मजकूर एका कागदावर नीट उतरवला आणि झेरॉक्स काढून कॅज्युअल्टीत, ओपीडीत आणि आमच्याकडे गठ्ठे ठेवले. त्यात त्यांनी पाचवी ओळ स्वतःची घातली: येताना औषधाची बाटली किंवा डबा सोबत आणा, रिकामा असला तरी.